सुरतेचे डोडो आणि उस्ताद मन्सूरचा कुंचला

१६२८च्या सप्टेंबरअखेरीस पीटर मंडी नावाचा कॉर्नवॉलकडचा एक इंग्रज सुरतेला उतरला. आला होता ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत. पण कंपनीच्या जमाखर्चाइतकीच त्याला स्वतःच्या रोजनिशीची ओढ होती. जे दिसेल ते लिहायचं, जमेल ते रेखाटायचं, असा त्याचा शिरस्ता. पुढे आग्र्यात त्यानं हत्तींची झुंज पाहिली, तीही कागदावर उतरवली. सुरतेच्या इंग्रज वखारीत त्याला दोन विलक्षण पक्षी दिसले. कलहंसाच्या दुप्पट आकाराचे, ना उडता येत, ना पोहता येत, पायांची बोटं सुटी. मॉरिशस बेटावरून आणलेले. मंडीनं त्यांचं नावही लिहून ठेवलं आहे: डोडो.

आज जगातल्या कुठल्याही मुलाला डोडो माहीत असतो, तो नाहीसा झालेला पक्षी म्हणून. हे दोन जिवंत डोडो तापीच्या काठी, सुरतेसारख्या गजबजलेल्या शहरात दाणे टिपत होते, ही गोष्ट मात्र आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही. मंडीनं त्यांच्याबद्दल काही ओळी लिहिल्या आणि तो पुढे गेला. त्या दोघांचं चित्र कुणी काढलं नाही. पण त्याच काळात हिंदुस्थानात एका चित्रकारानं जिवंत डोडो समोर ठेवून रंगवला होता. ते पान आज रशियात, सेंट पीटर्सबर्गला आहे. सुरतेचे डोडो आणि हे पान यांची गाठ कशी पडते आणि कुठे पडत नाही, हे समजून घ्यायचं तर थोडं मागे जायला हवं.

सतराव्या शतकाच्या आरंभी सुरत हे मुघल साम्राज्याचं समुद्राकडे उघडणारं दार होतं. हजची जहाजं इथूनच सुटत. मोठी जहाजं तापीच्या मुखाबाहेर सुवालीच्या किनाऱ्याला नांगर टाकत आणि माल होड्यांतून, बैलगाड्यांतून शहरात येई. १६०८मध्ये विल्यम हॉकिन्स ‘हेक्टर’ जहाजातून सुरतेला आला तेव्हा सुरत आणि खंबायत या बंदरांचा कारभार मुकर्रबखानाच्या हाती होता. पेशानं हा हकीम, पण जहांगीर बादशहाच्या अत्यंत विश्वासातला. बादशहाला काय आवडतं हे त्याला नेमकं ठाऊक होतं, आणि बंदरात उतरणारी प्रत्येक नवलाची वस्तू आधी त्याच्या नजरेखालून जाई. हॉकिन्सनं त्याच्याबद्दल पुष्कळ तक्रारी लिहून ठेवल्या आहेत. व्यापाऱ्याच्या बाजूनं त्या खऱ्याही असतील. पण चित्रकलेचा इतिहास लिहिणाऱ्यानं या माणसाचे उपकार मानले पाहिजेत.

कारण १६१२मध्ये जहांगीरनं त्यालाच गोव्याला पाठवलं. पोर्तुगीजांकडे जे जे दुर्मीळ दिसेल ते किंमत न पाहता विकत घे, असा हुकूम होता. मुकर्रबखान परतला तो अनेक पशुपक्षी घेऊन. त्यांत एक टर्की होता. अमेरिकेच्या रानातला हा पक्षी पोर्तुगीजांनी गोव्यात आणला होता आणि तिथून तो मुघल दरबारात पोचला. जहांगीरनं आपल्या आत्मचरित्रात त्याचं वर्णन करताना हातचं राखलं नाही. माज आला की याचं डोकं पोवळ्यासारखं लाल होतं, मग कापसासारखं पांढरं, मग पिरोजी, सरड्यासारखे रंग बदलतात, हे सगळं त्यानं बारकाईनं टिपलं. आणि तिथेच एक महत्त्वाची गोष्ट लिहिली. आपले पणजोबा बाबर यांनी प्राण्यांची वर्णनं केली, पण चित्रकारांना ती रंगवायला सांगितली नाहीत. मी मात्र लिहितोही आहे आणि चित्रंही काढून घेतो आहे, म्हणजे ऐकून जे नवल वाटतं ते पाहून वाढेल, असा त्या मजकुराचा आशय आहे.

आपल्याकडच्या प्राणिचित्रांच्या इतिहासातलं हे मोठं वळण आहे. त्याआधी आपल्याकडे प्राण्यांची चित्रं नव्हती असं मुळीच नाही. अजिंठ्याचे हत्ती आहेत, जैन पोथ्यांतले मृग आहेत, अकबराच्या काळी रंगवलेल्या नीतिकथांच्या पोथ्यांत बोलणारे सिंह आणि कोल्हे आहेत. पण ते प्राणी गोष्टीसाठी येतात. टर्कीचं चित्र टर्कीसाठी काढलं गेलं. त्यामागे ना कथा, ना शिकवण, ना शिकारीचा पराक्रम. एक प्राणी आहे, तो असा दिसतो, एवढंच सांगायचं होतं. ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे.

या कामासाठी जहांगीरला दोन असामान्य माणसं मिळाली. अबुल हसन आणि मन्सूर. १६१८मध्ये बादशहानं अबुल हसनला ‘नादिर-उज-जमान’ आणि मन्सूरला ‘नादिर-उल-अस्र’ अशा पदव्या दिल्याचं स्वतः नोंदवलं आहे. दोन्हींचा रोख एकच: आपल्या काळातला अद्वितीय. पशुपक्षी आणि फुलं यांत मन्सूरचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याची कामाची रीत अत्यंत सोशिक. हातकागदाचे थर एकमेकांना चिकटवून जाड पान करायचं, ते अकीकाच्या दगडानं गुळगुळीत होईपर्यंत घोटायचं. खारीच्या शेपटीच्या केसांचा कुंचला, टोकाला अगदी मोजके केस. हिंगूळ, हरताळ, गेरू, काजळ, लाजवर्द. एक पीस म्हणजे शेकडो बारीक रेघा आणि ठिपके. एकावर एक पातळ थर चढवत गेल्यावर पिसाला मऊपणा येतो आणि डोळ्याला ओल. घाईचं तिथे काही नव्हतंच.

मन्सूरच्या बहुतेक चित्रांत रान नाही, हे पाहणाऱ्याच्या लगेच ध्यानात येतं. प्राणी असतो, पायांखाली थोडी जमीन, एखाददुसरं झुडूप, मागे मोकळी फिकट पार्श्वभूमी. हे चित्रकाराला झाडं काढता येत नव्हती म्हणून नाही. ब्रिटिश लायब्ररीत जहांगीरच्या काळातलं एक चित्र आहे, चिनाराच्या झाडावरच्या खारींचं. ते अबुल हसनचं मानतात. काही जाणकारांना त्यात मन्सूरचाही हात दिसतो. सोनेरी आकाशाखाली शरदातला चिनार पेटल्यासारखा उभा आहे, पानं पिवळी, केशरी, लाल. फांद्याफांद्यांवर खारी धावताहेत. एक बिळातून डोकावते आहे, दुसरी शेपटी उभारून पळते आहे. खाली अनवाणी शिकारी खोडाला हात घालून वर चढायच्या बेतात आहे. अख्खं झाड सावध झाल्याचं त्या पानात जाणवतं. रानातल्या प्राण्यांचं याहून जिवंत चित्र मी तरी मुघल कलेत पाहिलेलं नाही. आणि गंमत म्हणजे त्या खारी आपल्याकडच्या पट्टेवाल्या खारी नाहीत; त्या युरोपातल्या तांबड्या खारींसारख्या आहेत. परक्या मुलखातल्या खारी, काश्मीरची आठवण देणारं झाड, आणि चित्रकारानं दोहोंना एकत्र आणून जमवलेलं रान.

मग मन्सूरनं आपल्या प्राण्यांना रान का दिलं नाही? मला वाटतं, त्यानं पाहिलं तेवढंच रंगवलं. हे प्राणी त्याच्यासमोर आले ते आपापल्या अरण्यातून तुटून, पिंजऱ्यात, दोरीला बांधून, जहाजाच्या तळातून. त्यांचं रान त्यानं पाहिलेलंच नव्हतं. जे पाहिलं नाही ते त्यानं बनवलं नाही.

१६२१च्या नवरोजाला मीर जाफर नावाच्या सरदारानं बादशहाला झेब्रा नजर केला. तो हबसाणातून, म्हणजे इथिओपियातून, तुर्कांबरोबर आला होता. लाल समुद्राकडून मुघल मुलखात येणाऱ्या जहाजांचं मुख्य बंदर सुरतच. झेब्रा पाहून दरबार चक्रावला. अंगावरचे पट्टे कुणीतरी रंगवले असावेत असा संशय आला, म्हणून नीट तपासणी झाली. पट्टे खरे निघाले. मन्सूरनं त्याचं चित्र काढलं आणि जहांगीरनं स्वतःच्या हातानं त्यावर शेरा लिहिला: हे खेचर तुर्कांनी मीर जाफरच्या संगतीनं हबसाणातून आणलं, चित्र नादिर-उल-अस्र उस्ताद मन्सूरचं, हिजरी १०३०. चित्रातला झेब्रा खोगिराविना, गळ्यात दोर, एकटा उभा आहे. नंतर बादशहानं तो इराणच्या शाह अब्बासला भेट म्हणून पाठवून दिला. तो प्राणी पुन्हा प्रवासाला लागला आणि हिंदुस्थानात त्याचं चित्र तेवढं उरलं.

त्याआधी एका वर्षानं, १६२०मध्ये, जहांगीर काश्मिरात होता. एका धबधब्याजवळ त्याला पाण्यात बुडी मारणारा लहानसा पक्षी दिसला. बराच वेळ पाण्याखाली राहून तो दुसरीकडे वर येई. बादशहानं काही पक्षी पकडून आणायला सांगितले. त्यांचे पाय बदकासारखे पडद्याचे आहेत की नाहीत, हे त्याला पाहायचं होतं. एक पक्षी लगेच मेला, दुसरा एक दिवस जगला. मन्सूरला चित्र काढायचा हुकूम झाला. जहांगीरनं हे सगळं प्रांजळपणे लिहून ठेवलं आहे. पाहण्याची भूक आणि त्या भुकेची किंमत, दोन्ही त्या थोड्या ओळींत आहेत.

आता डोडोच्या पानाकडे येऊ. १९५०च्या दशकात ते रशियन अभ्यासक इवानोव्ह यांच्या लेखामुळे पक्षिशास्त्रज्ञांच्या नजरेस आलं. पानावर सही नाही, पण हात मन्सूरचा असल्याचं बहुतेक जाणकार मानतात. मध्ये डोडो, भोवती इतर पक्षी. वर एका बाजूला मलायाकडचे छोटे लटकणारे पोपट, दुसऱ्या बाजूला हिमालयातला ट्रॅगोपान. खाली डोक्यावर काळ्या पट्ट्यांचे राजहंस आणि रंगीत पाखुर्ड्या. ट्रॅगोपान थंड डोंगरउतारांचा, पाखुर्डी कोरड्या माळाची, राजहंस तळ्यांचा, पोपट पूर्वेकडच्या बेटांचा, डोडो मॉरिशसचा. हे पाच पक्षी निसर्गात कधीही एकत्र आले नसते. चित्रकारानंही ते एकत्र राहत असल्याचा बहाणा केला नाही. प्रत्येकाला आपली जागा दिली आणि मधली जागा मोकळी सोडली.

याच सुमारास युरोपात रोलांट सावेरी हा चित्रकार डोडो रंगवत होता. प्रागच्या रुडॉल्फ सम्राटाच्या पदरी राहून नंतर तो नेदरलँड्समधल्या उट्रेख्टला स्थायिक झाला होता. त्याचं १६२८ सालचं एक चित्र व्हिएन्नात आहे: दाट झाडी, पडकी भिंत, पाणी, आणि त्यात शहामृगापासून बदकांपर्यंत पक्ष्यांची दाटी. कोपऱ्यात डोडो. म्हणजे मंडी सुरतेला उतरला त्याच वर्षी सावेरीनं डोडोला रान देऊन टाकलं, कधीच नसलेलं रान. चित्र म्हणून ते देखणं आहे. पण जगानं डोडोचं जे गुबगुबीत, ओबडधोबड रूप मनात धरलं ते सावेरीच्या आणि त्याच्यासारख्यांच्या चित्रांतून आलं. मन्सूरच्या पानावरचा डोडो तपकिरी आहे, अंगानं सडसडीत आहे आणि स्वतःचा तोल सांभाळून उभा आहे. जिवंत डोडो कसा दिसत असेल याचा सर्वांत भरवशाचा पुरावा म्हणून पक्षिशास्त्रज्ञ आज ज्या मोजक्या चित्रांकडे बोट दाखवतात त्यांत हे पान अग्रभागी आहे.

आता सुरतेच्या दोन डोडोंचा प्रश्न. मंडीनं पाहिलेले पक्षी जहांगीरच्या सुरतेतल्या प्राणिसंग्रहातले, आणि त्यांवरूनच मन्सूरचं चित्र, अशी सांगड अनेकदा घातली जाते. मला ती पटत नाही. जहांगीर १६२७च्या शरदात वारला आणि मंडी त्यानंतर जवळपास एक वर्षानं सुरतेला आला. त्याच्या लिखाणात बादशाही बागेचा उल्लेख नाही, उल्लेख ‘सुरत हाउस’चा आहे, ती कंपनीची वखार. शिवाय १६२८च्या जून महिन्यात मॉरिशसला नांगरलेल्या इंग्रज जहाजावरून इमॅन्युएल ऑल्टहॅम नावाच्या माणसानं इंग्लंडातल्या भावाला एक जिवंत डोडो धाडल्याचं पत्र आहे. त्या वर्षी इंग्रज खलाशी डोडो पकडत होते आणि त्यांची जहाजं सुरतेकडे निघाली होती. तेव्हा वखारीतले दोन पक्षी त्याच वाटेनं आले असणं अधिक संभवतं. मन्सूरसमोरचा डोडो त्याआधीचा, वेगळा. याचा अर्थ असा की हिंदुस्थानात डोडो एकदा नव्हे, निदान दोनदा तरी आले. पहिल्या खेपेला पाहणारा बादशहा होता आणि काढणारा उस्ताद होता. दुसऱ्या खेपेला पक्षी व्यापाऱ्यांच्या अंगणात होते.

पुढचं लवकर आटोपतं. १६३०मध्ये पाऊस दगा देऊन गेला आणि गुजरात-दख्खनवर तो भयंकर दुष्काळ कोसळला. त्याच वर्षअखेर मंडी सुरतेहून आग्र्याला निघाला तेव्हा वाटेवर प्रेतांचे खच होते. वखारीतही माणसं पटापट मेली. त्या दिवसांत पक्ष्यांची विचारपूस करायला कोण उरणार? १६३८मध्ये मंडी स्वतः मॉरिशसला थांबला, पण त्याला एकही डोडो भेटला नाही. न उडणारा, न पोहणारा हा पक्षी त्या बेटावर आला तरी कसा, याचं त्याला कोडं पडलं होतं. त्याच वर्षी डचांनी बेटावर वस्ती केली. जहाजांतून उतरलेले उंदीर, डुकरं आणि माकडं जमिनीवरची अंडी फस्त करत होती. १६६२मध्ये एका डच खलाशानं डोडो पाहिल्याची नोंद ही शेवटची विश्वासार्ह नोंद मानतात. दोन वर्षांनी, जानेवारी १६६४मध्ये, शिवाजी महाराजांचं सैन्य सुरतेत शिरलं आणि वखारीचा प्रमुख जॉर्ज ऑक्झेंडननं कंपनीची वखार आणि तिचा माल राखला. ती लूट आपल्याला तपशीलवार पाठ असते. त्याच शहराच्या इतिहासात हे पक्षीही आहेत.

सुरतेकडे प्राणी नुसते नवल म्हणून येत नव्हते. १६८९मध्ये आलेला पाद्री ओव्हिंग्टन आणि पुढच्या शतकातला जेम्स फोर्ब्स, दोघांनीही सुरतेच्या पांजरपोळाचं वर्णन केलं आहे. आजारी बैल, घोडे, शेळ्या, माकडं, कबुतरं, आणि फोर्ब्सच्या वेळी तिथे पंचाहत्तर वर्षं राहिलेलं एक कासव. उंदरांसाठी आणि ढेकणांसाठीही वेगळी सोय. जैन आणि वाणी महाजनांच्या पैशावर हे सारं चाले. परक्या प्रवाशांना ते चमत्कारिक वाटलं, तरी त्यांनी ते आदरानं नोंदवलं.

हा फोर्ब्स मराठी वाचकानं ओळखून असावा असा माणूस आहे. १७६६च्या सुमारास कोवळ्या वयात तो मुंबईला कंपनीत कारकून म्हणून आला. ६ मार्च १७७५ रोजी राघोबादादांनी सुरतेत इंग्रजांशी तह केला, आणि त्यांच्या मदतीला कर्नल कीटिंगची फौज निघाली तेव्हा फोर्ब्स कीटिंगचा खासगी चिटणीस होता. १८ मेच्या अडासच्या लढाईची हकिगत त्यानं लिहिली आहे. पण लढाईइतकंच त्याचं लक्ष झाडांवर आणि पक्ष्यांवर होतं. पुढे भडोच आणि डभोईला त्यानं नोकरी केली. सालबाईच्या तहानंतर डभोई मराठ्यांकडे परत गेली आणि तो मायदेशी निघाला. सारस, सुगरणीची घरटी, साप, फुलं, फळं तो सतत रंगवत राहिला. त्याची पत्रं आणि चित्रं मिळून दीडशे मोठे खंड भरले. त्यांतून १८१३पासून ‘ओरिएंटल मेमॉयर्स’चे चार खंड निघाले.

हात मन्सूरचा नाही, हे खरं. फोर्ब्स हौशी चित्रकार होता आणि त्याची रेघ कधी कधी अडखळते. पण मन्सूरला न मिळालेली एक गोष्ट त्याला मिळाली: प्राणी त्यांच्या घरात पाहायला मिळाले. भडोचजवळ नर्मदेच्या बेटावरचा कबीरवड त्यानं मापला. मुख्य खोडांभोवतीचा घेर सुमारे २,००० फूट, मोठी खोडं ३५०, लहान पारंब्या ३,०००हून अधिक. सात हजार माणसं सावलीला बसतील एवढं ते झाड. त्यात हरोळ्या, होले, मोर, वटवाघळं, आणि माकडांचे कळप. हे चित्र त्याच्या ग्रंथात कोरलं गेलं आणि युरोपात फार गाजलं.

या वडाखालच्या मुक्कामातली एक हकिगत त्यानं सांगितली आहे. त्याच्या एका मित्रानं एक माकडीण मारली आणि तंबूत नेली. थोड्याच वेळात चाळीस-पन्नास माकडं तंबूभोवती जमली आणि गलका करू लागली. बंदूक दाखवल्यावर बाकीची मागे हटली, पण त्यांचा म्होरक्या दारात उभाच राहिला. आधी दरडावून, मग विनवणी करावी तसा तो केविलवाणे आवाज काढू लागला. शेवटी त्या माणसांनी मेलेली माकडीण त्याच्या हाती दिली. त्यानं ती कवेत घेतली आणि आपल्या सोबत्यांकडे घेऊन गेला. तिथे असलेल्या शिकाऱ्यांनी पुन्हा माकडांवर बंदूक उचलायची नाही असं ठरवलं. प्राणी रानासकट पाहिला की पाहणाऱ्यात काय बदलतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही. फोर्ब्सच्या चित्रांचं मोल मी या जागी मानतो, रेघेच्या सफाईत नव्हे.

मुघल पानं विखुरली. झेब्रा आणि टर्की लंडनला, डोडो रशियात, सरडा विंडसरच्या राजसंग्रहात. पण सगळं परदेशी गेलं नाही. मन्सूरचा सायबेरियन क्रौंच आणि बंगाली तणमोर कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहेत. या क्रौंचाला निसर्गशास्त्रज्ञ पीटर पालासनं शास्त्रीय नाव दिलं १७७३मध्ये, म्हणजे मन्सूरनं तो रंगवल्यानंतर सुमारे दीडशे वर्षांनी. सलीम अलींनी १९२७-२८मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात मुघल बादशहांच्या निसर्गनिरीक्षणावर लेखमाला लिहिली आणि या चित्रांचं शास्त्रीय मोल दाखवून दिलं. तरीही आपली अभ्यासक्रमाची पुस्तकं मन्सूरला कलेच्या धड्यात ठेवतात आणि विज्ञानाच्या धड्यात त्याचं नाव घेत नाहीत. ते घ्यायला हवं. भरतपूरच्या पाणथळीत हिवाळ्याला येणारे सायबेरियन क्रौंच २००२नंतर आलेले नाहीत. डोडोप्रमाणे याही पक्ष्याला पाहायला उद्या कदाचित चित्रच लागेल. कोलकात्याला जाणं झालं तर त्या पानाची चौकशी जरूर करा, आणि मुलांना सोबत न्या.